किटलीतलं पाणी

माझ्या सासूबाईंना कारखान्यात सगळे ‘किटली’ म्हणतात. तोंडावर मावशी, पाठीमागे किटली. त्यांना ते पक्कं माहीत आहे. “म्हणू देत की,” त्या म्हणतात, “चमचा तरी कुणी म्हणत नाही ना?” आणि हे त्या मुद्दाम सुपरवायझरच्या टेबलाजवळून जाताना म्हणतात, म्हणजे ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं.

आमचा कारखाना शर्टांचा. वरच्या मजल्यावर लांबलचक हॉल, सहा ओळी, ओळीला वीस मशिनी. मी तिसऱ्या ओळीत बसते, कॉलर जोडते. सासूबाई जिन्याखाली चहा करतात. अकरा वाजता आणि चार वाजता एका हातात किटली, दुसऱ्या हातात पेल्यांची जाळी घेऊन त्या वर येतात आणि एकशेवीस बायकांना जागेवर चहा देतात. जागेवर म्हणजे अगदी जागेवर. मशीन थांबत नाही. पाय खाली पेडलवर, एक हात कापडावर, आणि तीन घोटांत पेला रिकामा.

उठायचं असेल तर बिल्ला लागतो. सुपरवायझरच्या मागे भिंतीत सहा खिळे, सहा खिळ्यांना सहा पत्र्याचे बिल्ले, ओळीला एक. बिल्ला गळ्यात घालून संडासला जायचं, तो परत खिळ्यावर आला की मग पुढची. वीस बायकांत एक बिल्ला! वर हा माणूस मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसणार. त्याचं नावच आम्ही घड्याळ ठेवलंय. मग बायका काय करतात? पाणीच पीत नाहीत. घरून निघताना घोटभर, ते एकदम संध्याकाळी. मशिनीजवळ पाण्याची बाटली ठेवायला बंदी. कापडावर डाग पडतात म्हणे. चहाचे पडत नाहीत वाटतं!

हे बिल्ल्यांचं आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यापायी झालं.

मला पहिली मुलगी झाली ती सातव्या महिन्यातच. माझ्या अंगात रक्त नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझी पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाल्या, “हिला इतके दिवस कुणी तपासलं नाही का?” कोण तपासणार? चक्कर येते म्हटलं की जो तो सांगायचा, या दिवसांत येतेच. जिना चढताना दम लागतो म्हटलं की सांगायचे, आता दोन जिवांची आहेस. मुलगी सहा दिवस जगली. तळहाताएवढं तोंड होतं, पण रडायची मात्र खणखणीत. ती गेल्यावर घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की तिचा विषय काढायचा नाही. जाऊबाई, नणंद, आमचे हे, सगळ्यांनी. मला त्रास होऊ नये म्हणून. मला त्रास व्हायचा तो त्या गप्प बसण्याचा, पण ते सांगायचं कुणाला? सासूबाईही काही बोलल्या नाहीत. फक्त एकदा भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, “पुढच्या वेळी मी बघते कसं होतंय असं.”

दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले. त्याच सुमारास आरोग्य खात्याच्या नर्सबाई कारखान्यात आल्या आणि त्यांनी सगळ्यांची बोटं टोचली. दहातल्या सात जणींना रक्त कमी. मग लोहाच्या गोळ्यांचे डबे आले. बाकीच्यांना आठवड्यातून एक, आम्हा तिघी पोटुशींना रोज. पण वाटणार कोण? कारखान्याचे साहेब म्हणाले, मशीन थांबता कामा नये. घड्याळ म्हणाला, मला का दुसरे उद्योग नाहीत? नर्सबाईंच्या डोक्यावर असले चौदा कारखाने, त्या रोज कुठून येणार? तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. “मी तशीही प्रत्येकीपुढे जातेच. माझ्याकडे द्या.” नर्सबाईंनी एक कागद केला, त्यावर खात्याचा शिक्का मारला, सासूबाईंनी सही केली, आणि गोळ्यांची वही त्यांच्या ताब्यात आली.

काय सांगू तुम्हाला, सासूबाईंनी त्या गोळ्यांचा नुसता धाक बसवला. गोळी हातात द्यायच्या नाहीत, थेट जिभेवर. वर पेला. मग हुकूम, “आ कर. जीभ वर. दुसऱ्या गालात काय आहे?” पाचव्या ओळीतल्या बटणवालीनं एकदा गोळी दाताआड लपवली, कारण गोळीनं पोट बिघडतं आणि शौचाला काळं होतं म्हणून ती घाबरली होती. सासूबाई तिच्यापुढे अशा ठिय्या मारून उभ्या राहिल्या की बिचारीनं मुकाट्यानं गिळली. “काळं होतं तर होऊ दे, कुणाला दाखवायला न्यायचंय?” असं म्हणाल्या आणि आख्खी ओळ खदखदून हसली. वहीत एकही खाडा नाही. मला तर रोज दोनदा विचारायच्या, घेतलीस ना? अहो, तुम्हीच तर भरवलीत! “तरी विचारते,” म्हणायच्या.

तीन महिन्यांनी नर्सबाईंनी पुन्हा बोटं टोचली. मला सहावा संपत आला होता. पहिल्यांदा माझं रक्त भरलं होतं सात पॉइंट आठ. आता भरलं साडेसात. वाढायचं सोडून उतरलं! आणि मीच नाही, आख्ख्या हॉलची तीच कथा. कुणाचं जिथल्या तिथे, कुणाचं इकडे तिकडे. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला स्वच्छ सांगितलं, “आठव्या महिन्याच्या शेवटी दहाच्या आसपास आलं नाही, तर मी तुझं बाळंतपण इथे करणार नाही. इथे रक्ताची बाटली मिळत नाही. तुला मोठ्या इस्पितळात जावं लागेल, चार तासांच्या वाटेवर, आणि वाटेत काही झालं तर माझ्या हातात काही नाही.” मी बाहेर येऊन बाकावर बसले. पोटातलं बाळ लाथा मारत होतं. मला फार भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

नर्सबाईंचा तर पाराच चढला. वही आपटून म्हणाल्या, “मावशी, कागदावर गोळ्या पोटात गेल्या, रक्तात का दिसत नाहीत? गटारात जातात की काय?” सासूबाईंना आजवर कुणी खोटारडी म्हटलं नव्हतं. चेहरा लालबुंद झाला. “माझ्या घरात गरोदर सून आहे,” म्हणाल्या, “आणि मी गोळ्या गटारात टाकीन?” घड्याळानं लगेच तोंड घातलं, “या बायका अशाच.” सासूबाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या, “तू गप. तुझ्याशी बोलत नाही मी.”

पुढच्या सोमवारी, म्हणजे सगळ्यांच्या गोळीच्या दिवशी, नर्सबाई न सांगता आल्या आणि दोऱ्यांच्या रिळांच्या कपाटामागे उभ्या राहिल्या. चोर पकडायला! सासूबाई आल्या. जाळी खाली, किटली तिरकी, पेला भरला. गोळी जिभेवर, वर चहा. आ कर. जीभ वर. पुढची. अशा चार बायका झाल्या असतील, इतक्यात नर्सबाई कपाटामागून धावत आल्या, कपाळावर हात मारून घेत. “अहो मावशी, चहाबरोबर?”

“मग कशाबरोबर?”

“अहो, चहानं लोह अंगी लागत नाही! तास दीड तास अलीकडे पलीकडे चहा नको. सगळी गोळी वाया जाते. मी तुम्हाला सांगितलं होतं ना, जेवण झाल्यावर थोड्या वेळानं, पाण्याबरोबर.”

“पाणी आहे कुठे इथे?” सासूबाई म्हणाल्या. खरंच होतं ते. नर्सबाईंनी पाणी म्हटलं असेल, पण या हॉलमध्ये पाणी कुणी ऐकतच नाही. इथे काहीही गिळायचं तर ते चहाबरोबर. साहेबांनी सांगितलं होतं मशीन थांबायला नको, आणि चहाच्या पेल्यानं मशीन थांबत नव्हती, बिल्लाही लागत नव्हता. सगळ्यांची सोय झाली होती. फक्त रक्ताची सोडून.

सासूबाई त्या दिवशी घरी आल्या त्या चपला न काढता खुर्चीवर बसल्या. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही. मग म्हणाल्या, “नव्वद दिवस. माझ्या हातानं तुला नव्वद दिवस गोळी दिली आणि माझ्याच हातानं ती पुसली.” मी म्हटलं, आई, तुम्हाला कुठे माहीत होतं? “मला माहीत नव्हतं, हे कुणाला पुरणार आहे? तुझ्या पोटातल्याला पुरणार आहे?” त्या रडल्या नाहीत. त्यांना राग आला होता, स्वतःचा, नर्सबाईंचा, साहेबांचा, सगळ्यांचा. “किती दिवस आहेत?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन महिने. त्यांनी पाणी घेतलं, गटागटा प्यायल्या आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सासूबाई वर आल्या. एका हातात किटली, दुसऱ्या हातात जाळी. पहिल्या ओळीतल्या पहिल्या बाईनं पेला तोंडाला लावला आणि किंचाळली, “मावशी! हे काय, पाणी?”

“पाणीच आहे. कालची गोळी आज पाण्याबरोबर. प्या. चहा साडेबाराला.”

बाई गं, काय गोंधळ उडाला! आणि साहेब राहिले बाजूला, आधी बायकाच उसळल्या. खरं सांगते, मीसुद्धा. अकराच्या चहावर आम्ही जगतो. सकाळी सहाला उठून, घरचं आवरून, डबा भरून आलेल्या बाईला तो एक पेला म्हणजे काय, ते ज्यानं प्यायला नाही त्याला नाही कळायचं. “आमचा चहा आमच्या हक्काचा आहे,” बटणवाली ओरडली. “गोळी गेली खड्ड्यात!” सासूबाई तिच्यापुढे गेल्या. बटणवालीची धाकटी पोर भिंतीचा चुना चाटते, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तिला मारून झालं होतं, बोटांना तिखट लावून झालं होतं. “तुझी पोर चुना का खाते माहितीये?” सासूबाई म्हणाल्या. “मी काल नर्सबाईंना विचारलं. तिच्याही अंगात रक्त नाही. ती पोटात असताना तू तिला दिलं नाहीस, कारण तुझ्याकडेच नव्हतं. आता तू परत गरोदर आहेस. चहा कुठे पळून जात नाही, दीड तासानं देते. पण पाणी आत्ता पी.” बटणवाली पेला हातात धरून बसली, मग प्यायली. पोरीसाठी पुढे नर्सबाईंनी पातळ औषधाची बाटली दिली, आणि तेही चहात घालू नको म्हणून सासूबाईंनी तिला चारदा बजावलं.

पाणी पोटात गेलं, आता पाणी कुठे जाणार? बारा वाजायच्या आत बिल्ल्यांच्या खिळ्यांपाशी ही रांग! सहा बिल्ले आणि एकशेवीस भरलेल्या बायका. घड्याळ रडकुंडीला आला. साहेबांनी खालून फोन केला, वरून माल का येत नाही? मग साहेब स्वतः आले, आणि दोन्ही गोष्टी एका दमात सुनावल्या. पाणी बंद. आणि सासूबाईंना म्हणाले, “बाई, उद्यापासून तुम्ही येऊ नका. चहाचं मशीन बसवून घेतो.”

सोळा वर्षांची नोकरी अशी एका वाक्यात गेली. आमचे हे संध्याकाळी म्हणाले, “आई, कशाला पडलीस त्यात? माफी मागून टाक.” सासूबाई म्हणाल्या, “कसली माफी? सुनेला पाणी पाजल्याची?” 

दुसऱ्या दिवशी कारखान्यात चहाचं मशीन आलं होतं. कागदी कप, कोमट, गोडमिट्ट चहा. अकराला शिपायानं प्रत्येकीपुढे कप ठेवला. आणि तेवढ्यात हॉलच्या दारात सासूबाई उभ्या! तीच किटली, तीच जाळी. घड्याळ धावला, “मावशी, तुम्हाला काढलंय ना?”

“चहावरून काढलंय,” त्या म्हणाल्या. “गोळ्या तुझ्या साहेबांनी नाही दिल्या मला, खात्यानं दिल्या. हा कागद, हा शिक्का, ही माझी सही. काढायचं तर खात्याला लिहायला सांग. तोवर बाजूला हो.”

अहो, तो खरंच बाजूला झाला! कारखान्याच्या दारात आरोग्य खात्याचं मोठं प्रमाणपत्र काचेत लावलंय, माल घ्यायला येणाऱ्या पाहुण्यांना साहेब आधी ते दाखवतात. ते उतरवायची पाळी येईल ही भीती साहेबांना आमच्या रक्तापेक्षा मोठी होती. आत्ता मला हसू येतं, तेव्हा नुसता संताप आला होता.

सासूबाईंनी सगळ्यांना पाणी दिलं, पोटुशींना गोळ्या दिल्या. पण बाराला पुन्हा तेच, सहा बिल्ले. आमच्या ओळीचा बिल्ला गेलेला. मला तर पोटुशीला दर तासाला लागायची. आजवर मी मांड्या आवळून बसत आले होते. पहिल्या खेपेसही अशीच बसले होते, सात महिने, पाणी न पिता, तोंड मिटून. ते आठवलं आणि काय झालं कोण जाणे, मी उठले. बिल्ल्याशिवाय. घड्याळ म्हणाला, “बस खाली.” मी म्हटलं, “नाही बसत. जाऊन येते.” तो म्हणाला, “बिल्ला कुठाय?” मी म्हटलं, “तुझ्या घरच्या बायकांना देतोस का रे बिल्ला?” हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. मी चालायला लागले. माझ्या मागे माझ्या शेजारची उठली. मग आमची ओळ. मग बटणवाली आणि तिची ओळ. एकेक मशीन बंद होत गेली. त्या हॉलमध्ये इतकी वर्षं काम करते मी, पण पंख्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मशिनींवर एकशेवीस कागदी कप तसेच थंड झाले.

साहेब आले, चिडले, ओरडले, मग हळू आवाजात बोलायला लागले. बिल्ले आठवडाभर खिळ्यांवरून काढून बघू म्हणाले. आठवड्याचे दोन आठवडे झाले, मग खिळेच कुणीतरी उपटून नेले. कुणी ते मी सांगणार नाही. हॉलच्या दोन टोकांना पाण्याचे पिंप आले. माल किती कमी निघाला ते साहेबांनाच विचारा. आम्ही माणसं धडधाकट बसू लागलो एवढं मला माहीत आहे. सासूबाईंना मात्र चहावर परत घ्यायला त्यांनी तीन आठवडे लावले, आणि तेही मशीनच्या चहाला कुणी तोंड लावीना म्हणून. तेवढे दिवस त्या बिनपगारी येत होत्या, फक्त गोळी आणि पाणी द्यायला.

सगळ्यांचं रक्त वाढलं असं नाही. दोघी जणी अजूनही गोळी घेत नाहीत, काही केल्या नाहीत. प्रेसवालीचं जिथल्या तिथे राहिलं, तिला दुसराच काही आजार निघाला. माझं आठव्या महिन्याच्या शेवटी नऊ पॉइंट नऊ भरलं. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. “करू आपण इथेच,” म्हणाल्या. सासूबाईंनी विचारलं, “पॉइंट एक कमी आहे, चालेल?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “चालवून घेऊ.” “चालवून घेऊ नका,” सासूबाई म्हणाल्या, “अजून महिना आहे, वाढवते.”

बाळंतपणात मला रक्त बरंच गेलं. पहिल्या खेपेपेक्षा जास्तच. शुद्ध जाते की काय असं वाटलं, पण गेली नाही. डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं, अंगात होतं म्हणून निभावलीस. मुलगी झाली. पुऱ्या दिवसांची, पुऱ्या वजनाची, गुलाबी तळव्यांची.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा कारकून नोंदणीचा फॉर्म घेऊन खाटेपाशी आला. आईचं वय, बापाचं काम, पत्ता, सगळं विचारत गेला. मग म्हणाला, “कितवं अपत्य? पहिलंच ना?”

खाटेभोवती सगळे उभे होते. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. आमचे हे पटकन म्हणाले, “हो, पहिलंच.” कारकुनानं एकचा आकडा लिहिलासुद्धा.

“खोडा ते,” सासूबाई म्हणाल्या. बाळ त्यांच्या मांडीवर होतं, त्यांनी मान वर केली नाही. “ही दुसरी आहे. पहिली सहा दिवस होती.”

कारकून म्हणाला, “आजी, इथे हयात मुलांचंच लिहायचं असतं बहुतेक. रकाना लहान आहे.”

“रकाना तुमचा आहे,” सासूबाई म्हणाल्या. “नात माझी आहे. दोन लिहा.”

 मला रडू आलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांच्या देखत आलं, आणि मी ते आवरलं नाही. कारकुनानं एक खोडला आणि दोन लिहिलं.